विश्लेषण : टँकरचे दुहेरी कवच किती भरवशाचे?

रत्नागिरीपासून सुमारे ४१ सागरी मैलांवर १६ सप्टेंबर २०२२ रोजी ३,९११ टन डांबर घेऊन जाणाऱ्या ‘पार्थ’ टँकरमध्ये पाणी शिरले. तटरक्षक दलाने १९ खलाशांची सुटका केली; जहाज मात्र बुडाले.

दुहेरी कवच कशासाठी?
अलास्कातील १९८९ च्या ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ तेलगळतीनंतर नव्या मोठ्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे झाले. मध्ये मोकळी जागा असल्याने बाहेरचा पत्रा फाटला तरी तेल सहसा आतच राहते.

मग धोका कुठे?
हे कवच टक्कर, खडकाचा मार झेलते. शिरलेले पाणी एकाच कप्प्यात रोखण्याचे काम जलरोधक भिंतींचे. अनेक कप्पे भरले की जहाज बुडते. थंड डांबर घट्ट होते. इंजिनाचे इंधन मात्र पाण्यावर पसरते. कोकणातील मच्छीमारांना खरी धास्ती त्याचीच.