गाडी जिथे माघारी फिरे : बोरघाटातले बंद स्थानक

खंडाळ्याजवळ बोरघाटात एकेकाळी असे एक रेल्वे स्थानक होते, ज्याचा कोणत्याही गावाशी संबंध नव्हता. ते उभारले गेले केवळ गाडीची दिशा बदलण्यासाठी. म्हणूनच त्याचे नाव ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. १८६३ ते १९२९ अशी ६६ वर्षे मुंबई-पुणे प्रवास या स्थानकातून झाला. आज त्याचे नाव वेळापत्रकात नाही आणि फारसे कोणाच्या स्मरणातही नाही.

त्याची गरज का पडली? मुंबईकडून आलेले रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधला घाट मात्र पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनेच ओलांडावा लागे. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला घाटमार्ग सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढत होता. त्यावर २५ बोगदे होते. सर्वांत तीव्र चढ होता ३७ फुटांमागे १ फूट.

डोंगराच्या एका सोंडेवर मात्र रुळांना वळण घेण्यापुरतीही जागा नव्हती. मग गाडी थेट त्या सोंडेवरच्या स्थानकात शिरे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने निघून उरलेली वाट कापी.

या घाटाची कथा सांगताना एक नाव हमखास येते : अ‍ॅलिस ट्रेडवेल. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नीने कंत्राट सोडले नाही. अनुभवी व्यवस्थापक नेमून काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. ही कथा खरी आहे, सांगण्याजोगीही आहे. मात्र ती अपुरी आहे.

ट्रेडवेल यांच्याकडे हे कंत्राट आले तरी कसे? आधीचे कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फॅव्हिएल यांनी काम सोडले. ऐन भरात या घाटात ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. पटकीच्या साथीने त्यांच्या वस्त्यांत थैमान घातले. अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावे इतिहासात राहिली. मजुरांच्या वाट्याला आली ती संख्या.

ही उणीव लोकस्मृतीने आपल्या परीने भरून काढलेली दिसते. घाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घालण्यात आली, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिला दस्तऐवजाचा दर्जा देता येणार नाही. तरी तिच्यामागची भावना इतिहासाच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेऊ नये. डोंगर ज्यांच्या पायाखालचा होता त्यांचे श्रेय कोणी नोंदवले नाही, हीच तक्रार ती पिढ्यानपिढ्या मांडत आहे.

१९२९ मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग सरळ करण्यात आला. त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि दिशा बदलण्याची गरजच संपली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला इथे कधी थांबावे लागले नाही. पुढे घाटातल्या इतर खुणाही पुसल्या जाऊ लागल्या. द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला अडचण ठरणारा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला.

प्रत्येक जुने बांधकाम राखता येणार नाही. वाहतुकीची निकड खोटी नसते. पण दगड गेल्यावर उरते ती केवळ सांगितली जाणारी कथा, आणि म्हणूनच ती पूर्ण सांगण्याची जबाबदारी वाढते. ‘अभियांत्रिकीचा चमत्कार’ एवढे म्हणून या स्थानकाची ओळख संपू नये. बर्कले आणि अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या नावांशेजारी १८५९ च्या थकलेल्या मजुरीचीही नोंद हवी. स्थानक बंद होऊन ९० हून अधिक वर्षे लोटली. त्या मजुरांची ही थकबाकी मात्र अजून फिटलेली नाही.