स्वदेशीचा गाभा

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका स्थानकातून 2008च्या सुमारापर्यंत मीटर गेजच्या गाड्या धावत असत. रूळ रुंद झाले आणि जुने डबे त्या मार्गावर निरुपयोगी ठरले. लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, जोडावयाच्या मॉड्यूलचे मर्म जऊळक्याच्या विद्यार्थ्याला या उदाहरणावरून चटकन उमगेल. संगणक बंद न करता, धावत्या गाडीला डबा जोडावा तसे मॉड्यूल गाभ्यात घालता येते आणि काढूनही घेता येते. मात्र एका आवृत्तीसाठी बांधलेला डबा दुसऱ्या आवृत्तीच्या रुळांवर सहसा चढत नाही. तो नव्याने बांधावा लागतो.

हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता नाही. सी-डॅकने 2007 मध्ये डेबियनच्या पायावर 'बॉस' ही प्रणाली आणली, तर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाची 'माया' उबुंटूच्या पायावर उभी राहिली. दोन्ही प्रयत्न स्वागतार्हच. मुक्त प्रणालीचा आधार घेण्यात कमीपणाही नाही. पण नाव आणि मुखवटा भारतीय झाला म्हणून गाभा उलगडणारी माणसे आपोआप तयार होत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये निर्बंधांचे कारण देऊन लिनक्सच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन नावे वगळण्यात आली. संहिता सर्वांना खुली राहिली, निर्णयाचा अधिकार मात्र कोणाकडे असतो, हे त्या दिवशी दिसले.

अशी माणसे घडविण्याचा आरंभ मॉड्यूल लिहिण्यात आहे. सी भाषेतील वीसेक ओळी, प्रवेशाचे एक फलन व निर्गमनाचे एक, 'प्रिंटके'ने नोंदवलेला एक संदेश, आणि 'इन्समॉड' ही आज्ञा. पहिला धडा एवढाच. येथे निष्काळजीपणा मात्र खपत नाही. साध्या प्रोग्रॅममधील चूक त्या प्रोग्रॅमपुरती राहते. मॉड्यूल गाभ्याच्याच स्मृतीत वावरत असल्याने त्याची एक चूक संपूर्ण यंत्र ठप्प करू शकते. म्हणून सराव आभासी यंत्रावर करावा. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही, साधा जुना संगणकही पुरतो. व्याख्या पाठ करून परीक्षा देणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा अनुभव क्वचितच मिळतो, ही खरी खंत आहे.

मराठी माणसाला हे क्षेत्र परके नाही. गाभ्यातील चुका शोधणारे 'केजीडीबी' हे साधन 2008 मध्ये 2.6.26 या आवृत्तीत समाविष्ट झाले. त्याच्या मूळ संहितेत पुण्यात काम केलेल्या अमित काळे यांचे नाव आजही वाचता येते.

अडसर भाषेचा आहे. 2021 पासून पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्यास प्रारंभ केला. परंतु वर्गाबाहेर मराठीत वाचावयाचे काय? लिनक्स गाभ्याच्या अधिकृत दस्तऐवजांसोबत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवाद दिलेले असतात. चिनी तर दोन लिप्यांत. मराठी त्यांत नाही, हिंदीही नाही. आणि ते अनुवाद पाठविण्यास कोणाची मनाई नाही.