बुरशीच्या औषधाचा ‘बेताचा’ डोस

‘आधीच पोर केमोनं अर्धं झालंय, त्यात हे जहाल औषध. डोस बेतानंच द्या.’ ब्लड कॅन्सरच्या लहान मुलाच्या फुफ्फुसात बुरशी शिरली की हा सल्ला हमखास ऐकू येतो. देणारा कधी नातेवाईक असतो, कधी चक्क डॉक्टर. त्यामागची माया खरी असते, म्हणूनच तो खोडणं अवघड जातं. पण ॲस्परजिलस ही बुरशी मायेला भीक घालत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. ही औषधं त्रासदायक आहेत, यात वाद नाही. ॲम्फोटेरिसिन 1950च्या दशकातलं. थंडी भरून ताप येणं, पोटॅशियम घसरणं, मूत्रपिंडांना इजा होणं ही त्याची ख्याती जुनीच. व्होरिकोनॅझोलनं डोळ्यांपुढे रंग नाचतात, यकृताचे रिपोर्ट बिघडतात, उन्हात कातडी भाजते. मूल लहान, तेव्हा औषध त्या मानानं थोडं आणि जपून म्हणून आणखी थोडं कमी. हिशेब वरवर बिनतोड वाटतो.

तो चुकतो यकृतापाशी. दोन ते बारा वर्षांच्या मुलाचं यकृत व्होरिकोनॅझोलचा फडशा मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगानं पाडतं. शिवाय तोंडानं दिलेलं हे औषध मोठ्यांच्या रक्तात जवळजवळ सगळं उतरतं, मुलांच्या रक्तात साधारण निम्मं. म्हणून शिफारस उलटी आहे. शिरेतून मोठ्यांना किलोमागे 4 मिलिग्रॅम, तर या मुलांना 8. तोंडावाटे किलोमागे 9, दिवसातून दोनदा. चौदा किलोचं पोर घ्या. त्याला दर वेळी 126 मिलिग्रॅम लागतं. त्याच्या छप्पन्न किलोच्या बापाला मात्र 200ची एक गोळी पुरते. वजन पाव, औषध निम्म्याहून जास्त! आणि ‘बेतानं’ म्हणणारा त्याच गोळीचे चार तुकडे करून एक तुकडा देतो, तोही दुधात कुसकरून. ही गोळी खाण्याच्या तासभर आधी किंवा नंतर द्यायची असते. दुधाबरोबर दिली की शोषण आणखी घटतं. देणाऱ्याचं समाधान होतं, बुरशीचं काही बिघडत नाही.

ही समजूत टिकली, याला संशोधनाची दिरंगाईही जबाबदार आहे. ॲम्फोटेरिसिनपेक्षा व्होरिकोनॅझोल सरस ठरवणारी मोठी चाचणी 2002 साली प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी सुमारे 71 टक्के जिवंत होते, ॲम्फोटेरिसिन घेणाऱ्यांपैकी 58 टक्के. पण त्या चाचणीत बारा वर्षांखालचं एकही मूल नव्हतं. दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मोहोर उमटायला 2019 उजाडलं. मधल्या काळात अंदाज चालले, आणि भीतीपोटी केलेला अंदाज बहुधा खालीच झुकतो.

मग काय, भरमसाट द्यायचं? तसंही नाही. लायपोसोमच्या वेष्टनातलं ॲम्फोटेरिसिन किलोमागे 3 ऐवजी 10 मिलिग्रॅम देऊन पाहिलं गेलं. 2007 साली आलेल्या त्या निष्कर्षात गुण वाढला नाही, मूत्रपिंडं मात्र जास्त बिघडली. आमचा पक्ष जास्त औषधाचा नाही, मोजून दिलेल्या औषधाचा आहे. सारख्या वजनाच्या दोन मुलांत व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी जनुकांमुळे पार वेगळी निघू शकते. पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त काढायचं. पातळी मिलिलिटरमागे 1 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार फसण्याची धास्ती. पाच-साडेपाचच्या वर गेली तर भास, भ्रम. डोस बदलला की पुन्हा मोजायचं. शेवटचा डोस किती वाजता दिला आणि रक्त किती वाजता काढलं, हे केसपेपरवर नसेल तर तो रिपोर्ट रद्दीत गेला तरी चालेल. दोन वर्षांखालच्या बाळांत तर हे मोजणं आणखी गरजेचं.

एके ठिकाणी भिणाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ल्युकेमियाच्या मुलाला केमोतलं व्हिन्क्रिस्टिन चालू असताना व्होरिकोनॅझोल दिलं, तर व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडतो. आतडी थंडावतात, नसा लुळ्या पडतात, झटकेही येतात. इथे उपाय औषध बदलणं हा आहे, डोस निम्मा करणं नव्हे. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन अशा वेळी कामी येतं. 2021च्या काळ्या बुरशीनं हे इंजेक्शन घरोघरी माहीत झालं; त्याचं एक भारतीय रूप घडवण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम केलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे, हे तेव्हा फारसं कुणी सांगितलं नाही.

दुसरा आवडता पवित्रा म्हणजे ‘तोवर एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू करून बघू’. आपल्याकडे टीबी आहे, तेव्हा शंका रास्तच. पण एकेटीतलं रिफाम्पिसिन व्होरिकोनॅझोलची पातळी नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आणतं. कागदावर दोन्ही आजारांवर उपचार चालू, प्रत्यक्षात बुरशीला मोकळं रान. टीबीचा संशय असेल तर दुर्बिणीनं फुफ्फुस धुऊन नमुना तपासा, त्यातच गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीचा अंश बघा. सीटीवर पोकळी किंवा चंद्रकोर दिसत नाही म्हणून बुरशी नाही, असं तर मुळीच म्हणू नका. लहान मुलांत या खुणा कमीच दिसतात.

शेवटचा मुद्दा ‘बरा झाला, झालं’ म्हणणाऱ्यांसाठी. कॅन्सर नाही, केमो नाही, तरी मुलाच्या फुफ्फुसात ॲस्परजिलस सापडला, तर मुळाशी दुसराच आजार असू शकतो, उदाहरणार्थ प्रतिकारशक्तीतला जन्मजात दोष. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये पांढऱ्या पेशी बुरशीला गिळतात, पण मारू शकत नाहीत. अशा मुलांना बागेतलं कुजलेलं खत उकरणंही जिवावर बेतू शकतं. त्यासाठी डीएचआर ही रक्ततपासणी आहे. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आजारांचं निदान होतं. निदान झालं तर रोजचं इट्राकोनॅझोल आणि कोट्रायमोक्साझोल पुढची आजारपणं टाळतं, आणि मज्जारोपणाचा विचार वेळेत होतो. हा आजार अनेकदा आईकडून मुलग्यांकडे येतो. म्हणून डिस्चार्जच्या आधी आईला एवढं विचारायला हवं, की तिच्या माहेरी एखादा भाऊ किंवा मामा लहानपणीच न्यूमोनियानं गेला होता का.