मागल्या बांकावर कोण?

एकत्र राहणाऱ्या एका सात माणसांच्या कुटुंबानें आम्हांस विचारलें आहे कीं, जुनी डिझेल गाडी घ्यावयाची तर टाटांची सफारी स्टॉर्म बरी कीं महिंद्रांची एक्सयूव्ही ५०० बरी? दोन्ही गाड्यांचें इंजिन २.२ लिटरचें. स्टॉर्मचें उत्पादन २०१९ सालीं व दुसरीचें २०२१ सालीं थांबलें. घरांतील तरुणांचा ओढा अर्थातच स्टॉर्मकडे! वेगळ्या लोखंडी चौकटीवरील तिची भक्कम बांधणी खडबडीत वाटेवर उपयोगी पडते, हें आम्हीही मानतों.

परंतु मागल्या बांकावर कोण बसणार, याचा विचार कोणीं केला आहे काय? स्टॉर्मचीं मागलीं आसनें आडवीं, समोरासमोर आहेत. आडव्या बसलेल्या देहास टकरीच्या वेळीं पुरेसा आधार मिळत नाहीं. आणि तेथें बहुधा मुलेंच बसविलीं जातात! एक्सयूव्हीची मागली जागा अरुंद खरी. गुडघे दुखणाऱ्या आजींस तेथें चढवूं नये. पण तेथील आसनांचें तोंड पुढें आहे. आम्ही तीच घेऊं.

मात्र आधीं सातही जणांनीं आंत बसून पहावें. थंड इंजिन सुरू करवून धूर न्याहाळावा. नोंदणीच्या १५ वर्षांपैकीं किती उरलीं तें पहावें, व कर्जाचा बोजा उतरल्याखेरीज पैसे देऊं नयेत. चालविणाऱ्याची हौस मोठी खरी. मागें बसणाऱ्या लेकराचा जीव तिच्याहून मोठा आहे.