न दुखणारे पाय

मे महिन्यातला जुमा होता. नागपुरात पारा 45 च्या वर. मोमिनपुऱ्यात नमाज आटोपून बाहेर पडताना मशिदीच्या तापलेल्या फरशीवरून आम्ही सगळे उड्या मारत चपलांपर्यंत पोहोचलो. शेजारचे चाचा मात्र सलाम-दुआ करत सावकाश आले. ‘काय सब्र आहे!’ असं आम्ही म्हटलंही. संध्याकाळी त्यांच्या सुनेला घरात ओले ठसे दिसले. दोन्ही तळव्यांवरचे फोड फुटले होते आणि चाचांना पत्ताच नव्हता. कसला सब्र! पंधरा वर्षांच्या शुगरने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या.

दुखणं ही नेमत आहे, असं दाढ ठणकणाऱ्याला सांगायला जाऊ नये. पण महारोगाने बोटं झडतात, असं आपण विदर्भातले लोक लहानपणापासून ऐकत आलो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर हात तापलेलं भांडं धरून ठेवतो, खिळा रुतलेला पाय दिवसभर चालत राहतो आणि त्या जखमांतच बोटं जातात.

क्वचित काही मुलं जन्मतःच अशी असतात. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर पाकिस्तानातल्या अशा काही कुटुंबांची माहिती छापली. त्या भागातला एक मुलगा निखाऱ्यांवर चालून, दंडात सुऱ्या खुपसून रस्त्यावर खेळ दाखवायचा. चौदा वर्षं पुरी होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो वारला.

चाचांसारखे पाय मात्र आपल्या घराघरांत असतील. डॉक्टर नायलॉनच्या तंतूने तळव्यावर 10 ग्रॅमचा दाब देऊन तपासतात. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा तरी ते करून घ्यावं. वुजूत आपण पाय धुतो, बोटांच्या फटीत बोट फिरवतो, पण तळवा कोण पाहतो? तो पाहावा, फटी कोरड्या पुसाव्यात. गरम पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावं. कोपरही बधिर वाटत असेल तर घरच्या दुसऱ्याने. जोडा घालण्याआधी आत हात फिरवावा. उमराहला निघालेल्यांनीही ध्यानात ठेवावं, घोटे उघडे ठेवणारी चप्पल एहराममध्ये चालते.

चाचांची एक जखम अजून भरायची आहे. इशानंतर त्यांचा नातू टॉर्च घेऊन तळवे तपासतो. परवा त्याला टाचेत काचेचा तुकडा सापडला. ‘दादा, हा कधीचा?’ त्याने विचारलं. चाचा बराच वेळ आठवत बसले.