यंत्राचे सूर आणि माणसांची नावे

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मुर्धा हे मूळचे शेतीचे आणि मिठागरांचे गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे; तथापि लग्नसराईतील हळदीची रात्र अजून गावाचीच असते. बँजो पार्टी कोळीगीतांनी आरंभ करते आणि रात्र चढू लागली की केव्हातरी हटकून १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’कडे वळते. नाचणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरी पहिले दोन सूर निघताच त्यांचे पाय उचलतात. असे का व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

सामान्यतः याचे उत्तर ‘गतकाळाची ओढ’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. जो काळ पाहिलाच नाही, त्याची ओढ कशी असेल? शिवाय ही मोहिनी मराठी वा हिंदी मुलखापुरती राहिलेली नाही. ‘डिस्को डान्सर’ १९८४ साली सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि तेथील कोट्यवधी प्रेक्षकांनी तो पाहिला. २०२२ च्या ऑक्टोबरात चीनमधील टाळेबंदीला कंटाळलेल्या नागरिकांनी रिकामी भांडी दाखवत याच चित्रपटातील ‘जिमी जिमी’च्या चालीचा आधार घेतला, कारण ‘जिए मी’ या चिनी शब्दांचा अर्थ ‘उसने तांदूळ द्या’ असा होतो. भाषा न कळणाऱ्यांनाही जे गाणे आपले वाटते, त्याच्या घडणीतच काही टिकाऊ असले पाहिजे.

ही घडण समजून घ्यावयाची तर थोडे मागे जावे लागते. हिंदी चित्रपटात विद्युत्-वाद्य काही डिस्कोबरोबर आले नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधील पुंगीचा प्रसिद्ध आवाज पुंगीचा नव्हताच, हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली कल्याणजींनी तो क्लॅव्हायोलिन या वाद्यावर काढला होता. पुढे केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत रुळविला. पाश्चात्त्य देशांत जॉर्जो मोरोडर यांनी १९७८ च्या ‘मिडनाइट एक्स्प्रेस’ला जवळजवळ संपूर्णपणे यंत्रांच्या साहाय्याने संगीत दिले आणि त्यास ऑस्कर मिळाले. आपल्याकडे १९८० च्या ‘कुर्बानी’त बिद्दू यांनी रचलेले आणि किशोरवयीन नाझिया हसनने गायिलेले गीत आले. त्यानंतर बप्पी लाहिरींनी या शैलीचे जणू राज्यच स्थापिले.

त्या काळी शिक्षकांनी आणि समीक्षकांनी या संगीताला गोंगाट म्हणून हिणविले. त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. ‘जिमी जिमी’ची चाल ओटावान या फ्रेंच युगुलाच्या १९८० मधील गीतावरून उचललेली आहे, हे लपविण्याजोगे नाही. परंतु नुसती उचल चाळीस वर्षे टिकत नाही. जे टिकले ते निराळेच आहे. तालयंत्राचा न चुकणारा ठेका खाली, त्यावर ढोलक आणि व्हायोलिनांचा ताफा, आणि त्याहून वर आपल्या कानांना ओळखीची वळणे घेणारी चाल, अशी ती तीन मजली रचना होती. यंत्र स्टुडिओत शिरले होते, पण माणसे अद्याप बाहेर पडली नव्हती. पुढील दशकात संगणकावर आधीच बांधून ठेवलेले ठेके आले, व्हायोलिनांच्या रांगा रोडावल्या आणि वादकांना काम मिळेनासे झाले. म्हणून तो काळ दोन युगांचा सांधा होता. यंत्राची नियमितता आणि मानवी हाताची किंचित अनियमितता एकाच ध्वनिफितीवर नांदण्याचा हा योग फार थोडी वर्षे टिकला. या संगीताचे आकर्षण बहुतांशी तेथे आहे.

ते मुर्ध्यासारख्या गावांत पोहोचले याचे कारण मात्र आर्थिक आहे. आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर येऊ लागला, ध्वनिमुद्रिकेपेक्षा कॅसेट कितीतरी स्वस्त पडू लागली आणि एका बड्या कंपनीची मक्तेदारी सैल झाली. ज्या घरात कधी ग्रामोफोन आला नसता, त्या घरात संगीत शिरले.

येथे अर्थशास्त्राचा दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. जी वस्तू चाळीस वर्षे उत्पन्न देत राहते, तिच्या निर्मात्यांपैकी कोणाला काय मिळाले? निर्मात्याला आणि कंपनीला हक्क मिळाले. वादकाला एका शिफ्टचे पैसे मिळाले आणि तो घरी गेला. पडद्यावरील श्रेयनामावलीत त्याचे नाव बहुधा नसे. गोव्याहून आलेल्या कित्येक वादकांनी आणि संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा उभारला. त्यांतील मोजकी नावे आज अभ्यासकांना ठाऊक आहेत.

चरणजित सिंग यांचे उदाहरण बोलके आहे. स्टुडिओतील या वादकाने १९८२ साली तीन जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. ती खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जगाला आढळले की शिकागोत १९८७ च्या सुमारास जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताशी तिचे विलक्षण साम्य आहे. म्हातारपणी त्यांना परदेशी रंगमंच मिळाला. २०१५ साली ते निवर्तले. त्यांचे नाव मुद्रिकेवर छापलेले होते, म्हणूनच ते सापडू शकले. ज्यांचे कोठेच छापले गेले नाही, त्यांना कोण शोधणार?

नावाचे मोल न्यायालयांनाही कळते. ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातील गीताचा तुकडा एका अमेरिकी गीतात परस्पर वापरला गेला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ साली बप्पी लाहिरींचे नाव दिल्याविना तो अल्बम विकण्यास मनाई केली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात सादरकर्त्याला व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क दिला. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि उद्योगाच्या रूढीनुसार ज्याचे नाव कोठेही येत नाही, अशा व्यक्तीला, एक अपवाद वगळता, सादरकर्ता मानावयाचे नाही, असे तेथे म्हटले आहे. वादक म्हणेल, माझे वादन आनुषंगिक नव्हते. परंतु नाव नसताना ते सिद्ध कसे करावयाचे? ज्या रूढीने त्याला अनामिक ठेवले, तीच रूढी त्याच्याविरुद्ध पुरावा ठरण्याचा धोका आहे. भरीस भर म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा, तर सादरकर्त्याचा पन्नास वर्षांचा आहे.

जुन्या हिशेबांची पूर्ण परतफेड होणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र नावे देण्यास फारसा खर्च येत नाही. कंपन्यांच्या दप्तरी आणि वादकांच्या संघटनेच्या नोंदींत शिफ्टचे जे कागद उरले असतील, ते चाळून जुन्या गीतांच्या डिजिटल आवृत्त्यांवर वादकांची नावे द्यावीत. हयात वादकांच्या आठवणी विद्यापीठांच्या संगीत विभागांनी ध्वनिमुद्रित कराव्यात. यापुढे नामावलीत वादकाचे नाव देणे कायद्यानेच बंधनकारक करावे. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. १९८२ साली पंचविशीत असलेला वादक आज सत्तरीत आहे.

मुर्ध्याच्या हळदीत बँजो वाजविणाऱ्याला सारे गाव नावाने हाक मारते. यजमान त्याच्या हातात बिदागी ठेवतो, जेवूही घालतो. जो ठेका तो वाजवतो, तो प्रथम वाजविणाऱ्याच्या वाट्याला निदान एवढे तरी यावे.