पहिली शस्त्रक्रिया कोणाच्या हातची?

पोट फुगते, दोन घासांत भरल्यासारखे होते. विरारजवळच्या आगाशीतली पन्नाशीची बाई ही तक्रार घेऊन दवाखान्यात गेली, तर बहुधा पित्ताची गोळी घेऊन परतते. पुढे सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली, की घरात घाई सुरू होते. जवळच्याच नर्सिंग होममध्ये ऑपरेशन उरकून टाकू, असे ठरते. आमच्या मते घाई नडते ती इथेच.

ती गाठ अंडाशयाच्या कर्करोगाची असेल, तर नुसती गाठ काढून भागत नाही. गर्भपिशवी, दोन्ही अंडाशये, बीजवाहिन्या आणि आतड्यांपुढचा चरबीचा पडदा काढावा लागतो. पोटाच्या अस्तरावर, यकृतावरच्या पडद्याखाली बसलेल्या बारीक गाठी शोधाव्या लागतात. प्रसंगी आतड्याचा तुकडाही जातो. डोळ्यांना दिसणारे काहीच मागे राहू नये, यासाठी हा खटाटोप. कारण मागे किती उरले, यावर पुढचे आयुष्य बरेचसे ठरते. बाळंतपणात निष्णात असलेल्या डॉक्टरांचे हे रोजचे काम नव्हे. अंडाशयापुरती असलेली गाठ दुर्बिणीतून काढताना पोटात फुटली, तर आजाराची पायरी तिथल्या तिथे वाढते. संशयित गाठीत तपासणीसाठी सुई घालणे टाळतात, तेही याच भीतीने.

‘आधी केमो’ म्हटले की नातेवाईक धास्तावतात. आता ऑपरेशन होण्यासारखे राहिले नाही, असे त्यांना वाटते. तसे नसते. पसरलेल्या आजारात आधी केमोची तीन आवर्तने आणि मग शस्त्रक्रिया, या क्रमानेही आयुर्मान तेवढेच मिळते, असे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसले. सुरुवातीलाच सगळे काढता येण्यासारखे असेल, तर मात्र अनेक सर्जन आजही आधी शस्त्रक्रियाच पसंत करतात. जास्त कापले म्हणजे जास्त बरे, असेही नाही. वाढलेला आजार पूर्ण काढल्यावर निरोगी दिसणाऱ्या लसिकाग्रंथीही काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे 2019 च्या जर्मन चाचणीने दाखवले.

परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून उभे आहे. पण पोटात पाणी झालेल्या बाईला विरार लोकलमध्ये चढवणे म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगायला नको. तरीही निदान शस्त्रक्रियेचा निर्णय कर्करोग शल्यविशारदानेच घ्यावा. केमो पुढे जवळपास घेता येते का, ते तिथेच विचारावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात, मात्र अंगीकृत रुग्णालयातच. आधी कुठे ऑपरेशन झाले असेल, तर केवळ रिपोर्ट नेऊन चालत नाही. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉकही पॅथॉलॉजी लॅबमधून मागून घ्यावेत.